टपोऱ्याचा दिवा

आमच्या भावोजींचं सगळंच उलटं. जग उठतं तेव्हा ते रात्र करतात. प्राणिसंग्रहालयातलं निशाचरांचं दालन त्यांच्याकडे आहे. सकाळी आले की पांढरे दिवे बंद आणि मंद लाल चालू, म्हणजे आतल्या प्राण्यांना वाटतं रात्र झाली आणि ते जागे होतात. संध्याकाळी पांढरे पुन्हा लावतात, तेही हळूहळू वाढवत. मी तिकीटखिडकीवर बसते, त्यामुळे तिथून चडफडत बाहेर येणारी माणसं मला रोज दिसतात. कुणी मोबाइलचा फ्लॅश मारला की भावोजी असे अंगावर धावून जातात की विचारू नका. घरात मात्र त्यांचा आवाज कधी चढत नाही.

हे सगळं टपोऱ्यासाठी. टपोऱ्या म्हणजे टार्सियर, माकडांच्या गोतावळ्यातला मुठीत मावेल एवढा जीव. एकेक डोळा त्याच्या मेंदूएवढा. ते डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून हा पठ्ठ्या अख्खं मुंडकं पाठीकडे वळवून बघतो. चांदण्यात पानावरचा किडा त्याला दिसतो. पण घाबरला की डोकं आपटून घेतो, आणि कवटी म्हणजे अंड्याचं कवच. भावोजी त्याला तळहाताच्या फोडासारखं जपायचे. ताई चिडवायची, "माझी सवत दाखवणार कधी?"

ताईच्या डोळ्यांचा पडदा सुकत चालला होता. आधी संध्याकाळचं दिसेना, मग कडेचं. डॉक्टरांनी हात टेकले. आता तिचं एकच मागणं होतं, दिसतंय तोवर टपोऱ्याला एकदा बघायचं. तिथल्या काळोखात तिला काय दिसणार, म्हणून भावोजी टाळत राहिले. ती घरात झरझर वावरायची, कपात चहा ओतताना एक थेंब सांडायची नाही, त्यामुळे आम्हालाही वाटायचं, अजून बरंच शिल्लक आहे. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

शेवटी संग्रहालयाच्या सुटीच्या दिवशी, भर दुपारी, आम्ही तिला घेऊन गेलो. मी हात धरून तिला काचेसमोर उभं केलं.

"तो बघ," भावोजी कुजबुजले. "फांदीला चिकटलाय. तुझ्याकडेच बघतोय."

"कुठे हो?"

"जरा उजवीकडे. अजून खाली."

ताईनं काचेला नाक लावलं. बराच वेळ तशीच राहिली. मग म्हणाली, "नाही दिसत हो." आईवडील गेले तेव्हा आम्हा सगळ्यांना सावरणारी माझी ताई, पण तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

भावोजींनी तोंडावरून हात फिरवला. "थांब. पांढरा दिवा लावतो. क्षणभरच."

"भावोजी, डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हणाले.

"अगं, ती परत कधी बघणार?" असं म्हणून ते मागच्या बोळात गेले. खटका तिथेच होता.

एकदम लख्ख उजेड पडला. माझेच डोळे दिपले. टपोऱ्या उडाला तो थेट काचेवर. मग भिंतीवर. मग पुन्हा त्याच भिंतीवर. भावोजी दिवा बंद करायचं विसरून मागच्या दारानं पिंजऱ्यात धावले, पण तोवर तो खाली पडला होता. त्यांनी गुडघे टेकून त्याला ओंजळीत घेतलं. त्याचे ते भलेमोठे डोळे उघडेच होते. मला भावोजींचा राग आला, आणि दयाही.

"कसला गं आवाज झाला?" ताईनं विचारलं.



तिनं पदरानं काच पुसली, केस नीट केले आणि डोळे होते तेवढे मोठे करून समोर बघत राहिली. तिच्यापासून हातभर अंतरावर, त्या पांढऱ्याफटक उजेडात, भावोजी मान वर करून तिच्याकडेच बघत होते.

"अहो, किती वेळ?" ती हसून म्हणाली. "लावा ना आता दिवा."