गाणारे नर

घराच्या मागच्या खोलीत थोरल्या जावेने रातकिडे पाळले होते. सरडे पाळणारे हौशी लोक आणि पक्ष्यांची दुकानं ते खाद्य म्हणून नेत. सुरुवातीला सासऱ्यांनी कपाळाला हात लावला होता. "लोक रातकिड्यांनी झोपमोड होते म्हणून फवारे मारतात, आणि आमच्या सूनबाई त्यांना हीटर लावून देतात!" पण धंदा चालला, तसे तेच येणाऱ्याजाणाऱ्याला हौसेने खोली दाखवू लागले.

खोलीतलं नाजूक काम धाकट्या जावेकडे होतं. मादी आपल्या शेपटीकडची लांब नळी ओल्या वाळूत खुपसून अंडी घालते. वाळू फार भिजली तर बुरशी धरते, सुकली तर अंडी करपतात. धाकटी वाळू चिमटीत चुरगाळून बघायची, मगच पाणी शिंपडायची.

एकदा थोरलीने एका मोठ्या पैदासवाल्याकडून नवे रातकिडे आणले. नवा माल काही दिवस वेगळा ठेवायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण डबे रिकामे नव्हते, आणि किडे असे टवटवीत की संशय घ्यायचा तरी कशाचा? तिने ते सरळ जुन्यांत सोडले. नर तर इतके गायला लागले की ती शेजाऱ्यांना म्हणाली, "बघा, जातिवंत माल असा असतो!"

त्यानंतर हळूहळू वाळूत अंडी दिसेनाशी झाली. माद्यांची पोटं भरलेली, नर त्यांच्या मागे मागे, आणि वाळू मात्र कोरी. पिल्लं निघेनात, गिऱ्हाइकं तगादा लावू लागली. थोरलीने एकदोनदा धाकटीला नुसतंच टोचून पाहिलं. एके दिवशी सगळे जेवायला बसलेले असताना तिचा तोल गेला.

"पाणी जास्त घालतेस नाहीतर विसरतेस. तुझ्या हाताला गुणच नाही. तुझ्या हाताखाली काही वाढतच नाही!"

सगळ्यांचे घास थांबले. धाकटीला दोनदा दिवस राहिले होते, दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं होतं. शब्द तोंडातून सुटत असतानाच थोरलीला ते कळलं.  तरी कामाचं बोलतेय मी, असं तिने स्वतःला बजावलं आणि पुढचा घास घेतला. 

दुसऱ्या दिवसापासून धाकटी चौकातल्या इस्त्रीच्या दुकानात कामाला जाऊ लागली. वाळू थोरलीने स्वतःच्या हातात घेतली. तरीही अंडी आली नाहीत. तेव्हाच खरं तर उमजायला हवं होतं, पण तिने नवऱ्याला सांगितलं, "आधीच बिघडवून ठेवलेलं आहे, निस्तरायला वेळ लागणारच."

शेवटी एक डबा घेऊन ती किड्यांच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी एक मादी भिंगाखाली उघडली.

"पोट भरलेलं आहे ना?" थोरलीने विचारलं.

"भरलंय, पण अंड्यांनी नाही. ही चरबी सुजलीय. निळसर झाक दिसते? विषाणू आहे. आत ठाण मांडून बसलाय."

"पण बाई, आजारी असते तर मरगळले असते. हे तर खातात-पितात, नर दिवसभर गातात!"

"तीच तर गोम आहे. एरवी किडा आजारी पडला की खाणं टाकतो, मादीकडे ढुंकूनही बघत नाही. हा विषाणू आजारपण दिसूच देत नाही. उलट नर जास्तच घाई करतात. अंगाला अंग लागलं की हा पसरतो. पिल्लं झाली काय नि न झाली काय, त्याचं काय जातंय?"

"मग वाळूचा दोष?"

"वाळूत घालायला आधी अंडी तर हवीत! बाहेरून आणले होते का? वेगळे ठेवले होते?"

थोरलीच्या ओठांवर 'हो' आलं होतं. "नाही," ती म्हणाली.

परतताना घरी कसं सांगायचं ते ती जुळवत होती. विषाणू आला, कुणाचा इलाज नव्हता. एवढं सांगितलं तर लोक उलट हळहळतील. हा विचार आपल्याला इतक्या सहज सुचला, याचीच तिला शरम वाटली. ती इस्त्रीच्या दुकानाकडे वळली.

धाकटी एका शर्टाच्या बाहीवर पाणी मारत होती. एक गिऱ्हाईक बाकावर बसलं होतं. तो माणूस जाईपर्यंत थांबावं, असं थोरलीला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, आपण बोललो होतो तेव्हा सगळे होते.

"रोग मी आणला," ती म्हणाली. "नवे किडे वेगळे ठेवले नाहीत. तुझी काही चूक नव्हती."

"वाळू बरोबर होती?"

"बरोबर होती."

धाकटीने इस्त्री उभी केली. "मी हात धुवायचा साबण बदलून पाहिला, ताई. बहिणीचं बाळ बघायला गेले, तर मांडीवरसुद्धा घेतलं नाही. कुंड्यांना पाणी घालणं सोडलंय. वाटायचं, जळतील."

 "तसं बोलायला नको होतं मी. बोलता बोलताच कळलं होतं मला."

धाकटीने वर पाहिलं. "कळलं होतं?"

"हो."

"मला वाटलं, तुमच्या तोंडून चुकून निघून गेलं. म्हणून तर इतके दिवस तुमच्या शेजारी बसून जेवले." तिने बाही सरळ केली. "जा तुम्ही. कपडे पडलेत."

सगळे रातकिडे मारून टाकावे लागले. डबे, फळ्या, भिंती थोरलीने एकटीने औषधाने घासल्या. संध्याकाळी तिने घरात चूक सांगितली. नवऱ्याने मान हलवली. धाकटीचा नवरा उठून बाहेर गेला. सासरे म्हणाले, "स्वतःहून कबूल केलंस. मोठं मन लागतं त्याला."

ते ऐकून तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आत धाकटी भांडी लावत होती.

"मोठं मन नाही, बाबा," थोरली म्हणाली. "त्या दिवशी तिला काय लागणार, ते मला बोलतानाच ठाऊक होतं. तरी मी जेवत राहिले."

 "मग माझे शब्द मी मागे घेतो," सासरे म्हणाले.

आत भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. थोरली तिथेच उभी राहिली. आत जायचा तिला धीर झाला नाही.