एकावन्न टक्के

राज्याच्या रस्ते खात्याकडून, लिंकन शहरातून आलेल्या बाईंनी कोट काढला नाही. कॉफी नको म्हणाल्या, कोलाचे, म्हणजे फळं भरलेले गोड पाव, तेही नको म्हणाल्या. हार्लन कुबिचेकच्या मनातून त्या तिथेच उतरल्या.

"घ्या हो, मिसेस पोलार्ड. जर्दाळूचे आहेत, सकाळचे."

"ज्यांची तपासणी करते त्यांच्याकडे मी खात नाही."

ऑफिस म्हणजे यार्डातली पत्र्याची खोली. बाहेर हायवेच्या कडेला बसवायचे लोखंडी कठडे आणि खांब रचलेले. कंपनी हार्लनच्या बायकोची, व्हर्नाची. एकावन्न टक्के तिचे, बाकी त्याचे. बाईची कंपनी म्हणून रस्ते खात्याने तिला 'वंचित उद्योग' असा दाखला दिला होता. सरकारी रस्त्याचं काम घेणाऱ्या मोठ्या ठेकेदारांना त्यातला थोडा हिस्सा अशा दाखलेवाल्यांना द्यावा लागे, आणि त्यावर अकरा घरांच्या चुली पेटत. "वंचित तर मी आहेच," व्हर्ना म्हणायची, "तुझ्याशी लग्न केलंय ना."

मार्चमध्ये व्हर्ना गेली. तिच्याबरोबर दाखलाही गेला. तिचे एकावन्न टक्के मुलीच्या, ट्रुडीच्या नावावर झाले आणि नव्या दाखल्यासाठी आज ही तपासणी होती. ट्रुडी खरंच मालक आहे, की बापाने नुसतं तिचं नाव लावलंय? दाखला मिळाला नाही, तर ऑगस्टनंतर काम नव्हतं.

"टेबलामागची ही खुर्ची कुणाची?" पोलार्डबाईंनी विचारलं.

हार्लन त्याच खुर्चीत बसला होता. ट्रुडी दाराजवळ, घडीच्या खुर्चीवर.

"माझ्या बायकोची."

"आणि आता?"

"आता तिच्यात कुणी बसत नाही."

"तुम्ही बसलाय."

चार महिने हार्लन तिथे बसत होता ते दुसऱ्या कुणी बसू नये म्हणून. ट्रुडीनेसुद्धा. आता हे या बाईला काय सांगायचं? बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ट्रुडीकडे वळल्या.

"जमीन गोठलेली असली तर एका खांबाला किती वेळ धरता?"

"ते जमिनीवर अवलंबून असतं," हार्लन म्हणाला. "नदीकाठी असलं तर..."

"मी तुमच्या मुलीला विचारलं."

"तिला मीच शिकवलंय!"

"तेच तर बघायला आलेय मी."

"बाबा," ट्रुडी दात आवळून म्हणाली, "तोंड बंद ठेव."

तेवढ्यात हार्लनचा मोबाइल वाजला. त्याने सवयीने उचलला. खांब पुरवणारा वेस होता. ट्रक दारात उभा आहे, म्हणाला, पण वीसेक खांब वाकलेत.

"वाकलेले? परत ने सगळे," हार्लनने सांगून टाकलं.

बाईंचं पेन थांबलं. "त्यांनी फोन तुम्हाला का केला?"

"तीस वर्षं करतोय. दुसऱ्या कुणाला करणार?"

ट्रुडी उठली. टेबलाला वळसा घालून आली आणि तिने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. "वेस, उतरव. वाकलेले बाजूला ठेव, त्यांचे पैसे काल आपलं ठरलं तसे कमी कर. आणि यापुढे फोन मला करायचा." तिने फोन टेबलावर आपटला. "ऊठ, बाबा."

"ही तुझ्या आईची खुर्ची आहे."

"आईने तुला तासापूर्वीच हाकललं असतं. ऊठ. आजपासून तू कामावर नाहीस."

"हे नाटक बाईंना दाखवायला चाललंय का?"

"नाटक असतं तर तुला आधी सांगून ठेवलं असतं."

हार्लनने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. व्हर्नाही रागावली की अशीच कोरडी व्हायची. तो उठला. गुडघा कटकन वाजला. कुणी हात दिला नाही.

अर्ध्या तासाने पोलार्डबाई बाहेर आल्या. हार्लन आपल्या पिकअपला टेकून उभा होता.

"मिळेल का तिला?"

"पत्र येईल."

"सरळ सांगा की."

बाई गाडीचं दार उघडून थांबल्या. "सकाळी मिळण्यासारखं नव्हतं. आता मिळू शकेल. पण मी न सांगता पुन्हा येते, मिस्टर कुबिचेक. तेव्हा तुम्ही आत दिसता कामा नये."

"मरेपर्यंत?"

बाईंनी दार लावून घेतलं. गाडी गेली. फाटकापाशी धूळ बराच वेळ तरंगत राहिली.

खांब ठोकायच्या मशीनखालून लॉनी हात पुसत आला. वीस वर्षं इथेच काम करणारा जुना माणूस.

"हार्लन, मशीन उद्या कुठे न्यायचं? क्रीट गावच्या रस्त्यावर की पुलावर?"

पुलावर न्यायचं होतं. क्रीटची माती पावसाने अजून ओली होती. हार्लनच्या ते अगदी ओठांवर आलं.

"मला काय विचारतोस, गाढवा?" तो खेकसला. "आत मालकीण बसलीय ना?"