वखारीचा की घराचा

वखारीतून सागाच्या फळ्या चोरीला गेल्या आणि त्याची शिक्षा झाली गबदूला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तशी. चोर कोण, ते कुणाला कळलं नाही आणि कुणी फारसं शोधलंही नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवता जेवता थोरल्या भाऊजींनी फर्मान काढलं, "एवढा रेड्यासारखा कुत्रा पोसतोय आपण, तो काय शोकेसमध्ये ठेवायला? उद्यापासून वखारीत."

"तो माणसात वाढलाय, भाऊजी," धाकटी सून म्हणाली.

"मग आता लाकडात वाढू दे."

सगळे हसले. धाकटीचा नवराही हसला, म्हणजे ओठांच्या एका कडेने. थोरल्या भावापुढे तो तेवढंच हसायचा, आणि रागवायचाही तेवढंच.

गबदू थोराड जातीचा कुत्रा. काळं तोंड, लोंबते ओठ, परातीएवढं डोकं. पिल्लू म्हणून घरात आला तेव्हा धाकटीला सातवा महिना होता. तिच्या पोटाला टेकून तो घोरायचा आणि आतून चिमी लाथा मारायची. दोघं एकाच घोंगडीवर रांगले. चिमी त्याचे कान धरून उभी राहायला शिकली. सासूबाई सकाळपासून "मेल्याची लाळ, मेल्याची लाळ" करत फरशी पुसायच्या आणि स्वतःच्या ताटातली शेवटची पोळी त्यालाच घालायच्या.

आणि राखण? त्याला कुणी शिकवली नव्हती, पण ती तो करायचा. दारात अनोळखी माणूस आला की उठायचा, चिमीच्या पुढे आडवा उभा राहायचा आणि हलायचा नाही. भुंकणं नाही की गुरगुरणं नाही. पार्सलवाला तेवढ्यावरच पार्सल जिन्यात ठेवून खालूनच हाक मारायचा.

"दिवसा वखारीत, संध्याकाळी घरी," खोलीत आल्यावर नवरा म्हणाला. "दादाचंही होईल, आपलंही. दोन्ही होईल गं."

हे 'दोन्ही होईल' तिने लग्नापासून ऐकलं होतं. दोन्ही होतं म्हणजे दादाचं होतं.

दोन दिवसांनी मास्तर आले. कुत्रे शिकवणारे मास्तर. गळ्यात शिट्टी, डाव्या हातावर कोपराच्या वरपर्यंत गोणपाटाची जाड बाही. गबदूभोवती एक फेरी मारून त्यांनी पहिलं काम केलं ते नाव बदलण्याचं.

"गबदू? गबदूला कोण घाबरणार हो? चोर पोटाला गुदगुल्या करून जाईल. टायगर!"

गबदूने मागे वळून पाहिलं, टायगर कुठे आहे ते.

"ही जात मुळात थंड," मास्तर भाऊजींना सांगू लागले. "राग यायला वेळ लागतो. पण एकदा आला की भिंत पाडेल. आपण फक्त राग आणायचा."

"आणि आणलेला राग संध्याकाळी घरी येताना कुठे ठेवायचा?" धाकटीने जिन्यावरून विचारलं.

"ताई, ते माझ्यावर सोडा."

"तुमच्यावर सोडते. तुम्ही संध्याकाळी तुमच्या घरी जाता."

"अगं, चहा टाक जा," भाऊजी म्हणाले.

करवतीच्या शेडशेजारी गबदूला साखळीने बांधलं. दुपारभर मास्तर बाही पुढे करून त्याला डिवचायचे, छडी आपटायचे, फरशीवर पाय आपटून मागे पळायचे. गबदू बघत राहायचा. एकदा तर त्याने जांभई दिली. वखारीतले हमाल पोट धरून हसले आणि मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याची दुपारची भाकरी बंद झाली.

संध्याकाळी तो घरी यायचा, पण तोच यायचा असं धाकटीला वाटेना. सासूबाईंनी केरसुणी उचलली की अंग चोरायचा. ताटली ओढली की घशात काहीतरी घरघरायचं, मग स्वतःच दचकून गप्प व्हायचा. "दमलाय बिचारा," नवरा म्हणायचा. धाकटी दात खाऊन भांडी घासायची. चिमी झोपली की तिला जो काय वेळ मिळे तो पूर्वी गबदूचे कान पुसण्यात जायचा. आता ती त्याच्या गळ्यावरची साखळीने सोललेली जागा हळदीने भरायची आणि कुणाकुणाला मनात काय काय म्हणायची.

एका दुपारी चिमी झोपली होती आणि खालून आरोळ्या आल्या. "सोडत नाही बघा! शाबास टायगर! शाबास!"

ती खाली धावली.

गबदूने मास्तरांची बाही धरली होती. नुसती धरली नव्हती, मागच्या पायांवर बसून, डोळे पांढरे करून तो ती ओढत होता. आणि त्याच्या तोंडातून लोंबत होतं ते गोणपाट नव्हतं. पिवळं, बदकांचं दुपटं होतं. चिमीचं.

"हे कुठून आणलं?"

मास्तर घामाघूम, खूश. मटणाचा तुकडा टाकून त्यांनी बाही सोडवून घेतली. "गोणपाट उसवलं होतं, ताई. आजींकडे जुनेर मागितलं, त्यांनी गाठोडंच दिलं. आणि चमत्कार बघा! इतके दिवस तोंड लावत नव्हता. हे गुंडाळलं आणि पहिल्याच दिवशी झेप! म्हटलं नव्हतं, राग आणावा लागतो?"

फडक्यांसाठी म्हणून तिनेच बांधून ठेवलेलं ते गाठोडं. त्यात चिमीची झबली होती, टोपरी होती, महिनोन्‌महिने गबदूने ज्यात नाक खुपसून झोप काढली ते सगळं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तो तुमच्यावर धावला नाही, मास्तर. तुमच्या हातात त्याला पोरीचा वास आला. तो तिला सोडवायला धावला."

"कशाला का असेना, धावला ना?" भाऊजी म्हणाले. "काम झाल्याशी मतलब."

"आणि मग तुम्ही काय केलंत? त्याने दात रुतवले, तुम्ही शाबास म्हणालात. ओढलं, शाबास. फाडलं की मटणाचा तुकडा. किती दिवस चाललंय हे? उपाशी ठेवून, मारून, माझ्या पोरीच्या वासावर दात रुतवायला शिकवताय तुम्ही त्याला!"

करवत कुणीतरी बंद केली. हमाल लाकडं खांद्यावर घेऊन तसेच उभे.

"कुत्र्याला एवढं खोलात कळत नसतं, ताई," मास्तर म्हणाले.

"बरं. मग काय कळतं ते तुम्ही सांगा. छातीवर हात ठेवून सांगा. संध्याकाळी माझी मुलगी रोजच्यासारखी त्याच्या अंगावर जाऊन पडली तर तो काय करेल?"

मास्तरांनी शिट्टी हातात घेतली, पुसली, सोडली.

"तसं... काही करणार नाही. पण थोडे दिवस मुलीला लांबच ठेवा."

ती नवऱ्याकडे वळली. तो फळ्यांच्या थप्पीशी मोजपट्टी धरून उभा होता. "ऐकलंस? दोन्ही झालं बघ. धड वखारीचा नाही, धड घराचा नाही. मिळालं तुला दोन्ही?"

"आवाज कमी कर गं, माणसं आहेत..."

"माणसं असती तर हे झालं नसतं."

भाऊजी पुढे आले. एवढ्या लोकांसमोर धाकट्या सुनेने तोंड वर करून बोलावं, याचा त्यांना कुत्र्यापेक्षा जास्त त्रास होत होता. "मग सोपं आहे. राहू दे त्याला इथेच. घराचा नको, वखारीचाच. पक्का तयार होऊ दे."

सोपं होतंच. जिना चढून वर जायचं, दार लावायचं, पोर सुखरूप. पण जिना उतरला की वखार लागते आणि वखार ओलांडल्याशिवाय रस्ता नाही. रोज सकाळी चिमी याच अंगणातून बालवाडीला जाणार, पक्क्या तयार झालेल्या कुत्र्यासमोरून. आणि हे नसतं, तरीही तिने त्याला इथे ठेवलं नसतं. पोट भरल्यावर जो कधी कुणाच्या अंगावर गेला नाही त्याला या लोकांनी उपाशी ठेवून बिघडवलं, आणि आता बिघडला म्हणून तिने टाकून द्यायचा?

ती गबदूकडे गेली. त्याच्या ओठांना फेस होता, दुपट्याचा एक धागा दातात अडकलेला. शेपूट हलत होती. तिने गळपट्ट्याकडे हात नेला आणि मध्येच थांबवला. या कुत्र्याच्या जबड्यात हात घालून तिने एकदा गिळलेला मोजा ओढून काढला होता. आज गळपट्टा धरायला तिला श्वास रोखून धरावा लागला. तिला रडू आलं नाही. या लोकांनी तिला तिच्याच कुत्र्याला घाबरायला लावलं होतं, आणि त्याबद्दल ती कुणालाही, नवऱ्याला तर मुळीच, इतक्यात माफ करणार नव्हती.

"कुणीतरी राखण करायलाच हवी वखारीची," भाऊजी मागून म्हणाले.

"दिवे लावा. कुलूप बदला. माणूस ठेवा, त्याला जेवायला घाला. कुत्रा पोरींच्या दुपट्यांवर नाही तयार होत."

मास्तरांनी बाही काढून फळीवर ठेवली. तिने ती उचलली, दुपटं सोडवून घेतलं आणि गोणपाट तिथेच टाकलं. मग गबदूची साखळी सोडून त्याला घेऊन ती जिना चढली.

वरच्या दारात चिमी उभी होती, डोळे चोळत. "गबदू!" करून दोन्ही हात पसरून धावली.

"थांब!"

धाकटी इतक्या मोठ्याने ओरडली की दोघंही थांबली. चिमी रडायला लागली. गबदू फरशीवर पोट टेकून बसला आणि आळीपाळीने दोघींकडे पाहू लागला. स्वयंपाकघरातून सासूबाई धावत आल्या. "काय झालं? चावला का गं?"

"नाही चावला. आई, ते गाठोडं तुम्ही दिलंत ना?"

"फडक्यांचं? मागितलं त्याने म्हणून..." मग त्यांनी तिच्या हातातल्या चिंधीकडे पाहिलं आणि पदराने तोंड दाबलं. त्यांच्यावर रागावणंही तिला जमेना, म्हणून आणखी राग आला.

संध्याकाळी नवरा वर आला तो चार फळ्या आणि बिजागऱ्या घेऊन. तिने मागच्या गॅलरीच्या चौकटीकडे बोट दाखवलं. तो कमरेएवढं अर्धं दार ठोकायला बसला. पलीकडे गबदू पोटभर जेवून आडवा. अलीकडे चिमी, आजीच्या मांडीवर, मुसमुसत.

"उद्या दादाशी बोलतो," स्क्रू दातात धरून तो म्हणाला.

"उद्या नको. आज. जेवायच्या आधी."

"बरं." त्याने दोन स्क्रू बसवले. "हे दार किती दिवस ठेवायचं?"

"मला त्याची भीती वाटेनाशी होईपर्यंत."

"आणि नाहीच गेली तर?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्याने असं काही विचारलं होतं ज्याचं उत्तर दादाला विचारून येण्यासारखं नव्हतं.

"खालची फट बुजव," ती म्हणाली. "एवढी ठेवलीस तर चिमी हात घालेल."

त्याने फळी उपटली आणि पुन्हा मोजायला घेतली.