पहिलवानाची कोकरं

त्या वर्षी विणीच्या दिवसांत मी या दोन हातांनी अकरा वाकडी कोकरं बाहेर काढली. मेंढी अडली की गावात मलाच बोलावणं यायचं. माझा हात लहान, आणि चाळीस वर्षांत कोकराचं डोकं कुठं आणि गुडघा कुठं हे डोळे मिटून समजायला लागलेलं. पण पहिलं वाकडं कोकरू हाताला लागलं तेव्हा मला काही उमजेचना. पाय संपता संपेनात. ओढून बाहेर काढलं तर कोळ्यासारखे लांब पाय, गुडघ्यातून बाहेर फाकलेले, पाठीला बाक आणि नाक एका अंगाला गेलेलं. जिवंत होतं. भुकेनं ओरडत होतं. उठायला जायचं आणि चारी पाय चार दिशांना जायचे.

ते घर कातरणीवाल्याचं. गावातल्या सगळ्या मेंढ्यांची लोकर तोच कातरतो. होतं असं कधीकधी, म्हणाला. चौथ्या दिवशी त्याच्याच वाड्यात दुसरं निघालं, मग वरच्या वस्तीत एक, मग एकाच सकाळी दोन. आमचं गाव उंच डोंगरावर, थंडी अशी पडलेली की पहाटे जमीन पायाखाली खणखण वाजायची आणि दुपारी वरचा थर सुटून त्याचा चिखल व्हायचा. त्या चिखलात ही कोकरं पोटावर सरपटत आईच्या सडापर्यंत जायची. आठ-दहा दिवस जगायची, मग थंड पडायची.

पाचव्या कोकरानंतर लोक बोलायला लागले. कुणी म्हणे नव्या टाकीचं पाणी वाईट, कुणी म्हणे टेकडीवरच्या गवतात काहीतरी विषारी उगवलंय. आठव्यानंतर मात्र मी दिसले की बोलणं थांबायला लागलं. सगळी वाकडी कोकरं माझ्याच हातातून आली होती, हे सगळ्यांनी मनात धरलं होतं. अडलेल्या मेंढीला मलाच बोलावतात, म्हणून ती माझ्याच हातात येणार, हा साधा हिशेब कुणी करेना.

एका सकाळी कातरणीवाल्याची मेंढी अडल्याचं कळलं. बोलावणं आलं नाही, तरी मी गेले. तो दारात आडवा उभा राहिला.

"मावशी, तुम्ही घरी जा," तो म्हणाला.

"कोकराची मान मागं वळलेली असेल रे. तुला जमायचं नाही."

"नाही जमलं तर मरू दे. पण तुमचा हात नको."

रागानं बोलला असता तर मी भांडले असते. पण तो घाबरलेला होता. दहा वर्षं माझ्या हातचा चहा प्यायलेला माणूस माझ्या हातांकडं बघत मागं सरकत होता. मी घरी आले, कढत पाण्यानं हात धुतले, पुन्हा धुतले, आणि चुलीपुढं बसून त्यांच्याकडं बघत राहिले. खरं सांगते, त्या दिवशी मलाही माझ्या हातांची भीती वाटायला लागली होती.

दुपारी वहीवाली आली. ही आमच्या शेजारची सून. बारावी शिकलेली, आणि कोणती मेंढी कोणत्या मेंढ्यापासून फळली, कधी व्याली, काय झालं, हे सगळं लिहून ठेवायची सवय, म्हणून गाव तिला वहीवाली म्हणायचं. तिला सहावा महिना होता. लग्न घरातलंच, सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. ती सासूला आत्या म्हणायची म्हणून सगळं गावही तिला आत्याच म्हणायला लागलं होतं.

वहीवालीनं दार लावून घेतलं आणि वही माझ्यापुढं उघडली. मला वाचता येत नाही, म्हणून तिनं बोट ठेवून सांगितलं. अकरा वाकड्या कोकरांच्या अकरा आया. अकराही पहिलवानाच्या मुली. आणि अकराही या वर्षी फिरून पहिलवानापासूनच फळलेल्या. म्हणजे कोकरांचा बापही तोच आणि आजाही तोच. जुन्या, बाहेरच्या रक्ताच्या मेंढ्यांना एकही वाकडं झालेलं नव्हतं.

पहिलवान म्हणजे त्यांचाच मेंढा. तिच्या नवऱ्यानं लांबच्या बाजारातून आणून बाटलीवर वाढवलेला. पाय उंच, छाती भरदार, चालायला लागला की बाकीचे मेंढे त्याच्यापुढं बकऱ्यांसारखे दिसायचे. तीन वर्षांत गावातल्या प्रत्येकानं आपल्या मेंढ्या त्याच्याकडं आणल्या होत्या, आणि जी कोकरं उंच निघाली तीच विणीसाठी राखली होती.

"मावशी, तुमच्या हातात काही नाही," ती म्हणाली. "आमच्या मेंढ्यात आहे. पण हे घरी कसं सांगू?"

तिचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, आधी जनावरांच्या डॉक्टरणीला विचारू, तुझी वही चुकलेलीही असेल.

वही चुकली नव्हती. डॉक्टरीण तिसऱ्या दिवशी आली. तालुक्याहून मोटरसायकलवर फिरणारी, कमी बोलणारी बाई. तिनं मेलेलं कोकरू फाडून हाडं बघितली, वही पहिल्या पानापासून वाचली, मग पहिलवानाभोवती एक चक्कर मारली. आत्या, वहीवाली, तिचा नवरा आणि मी, आम्ही चौघं अंगणात उभे होतो.

डॉक्टरणीनं वहीवालीलाच विचारलं, "तू ही वही दुसऱ्या वहीत उतरवून काढलीस तर एखादं अक्षर चुकेल ना? तसंच आहे. प्रत्येक जिवाच्या अंगात तो कसा घडवायचा ते लिहिलेलं असतं, आणि ते दोनदा असतं. एक प्रत आईकडून, एक बापाकडून. त्यातल्या एकेका मजकुराला आम्ही जनुक म्हणतो. उतरवताना कधीतरी चूक होते. या मेंढ्याच्या एका प्रतीत हाडांच्या वाढीचा मजकूर चुकलाय."

"पण तो तर धडधाकट आहे," नवरा म्हणाला.

"कारण दुसरी प्रत बरोबर आहे. एकच चुकलेली असली की पाय नुसते लांब होतात. तुम्हाला ते आवडलं, तुम्ही उंच उंच कोकरं राखलीत. म्हणजे चूकच निवडून निवडून वाढवलीत. मग बाप आणि मुलगी एकत्र आले, काही कोकरांना दोन्ही प्रती चुकलेल्या मिळाल्या. त्यांना हाडं कुठं थांबवायची ते सांगणारं कुणी उरलंच नाही."

मी विचारलं, हे पाप कुणाचं. ती म्हणाली, कुणाचंच नाही. चुका सगळ्यांत होतात. रानातल्या मेंढीला पूर्वी नुसते केस होते, अशाच कुठल्यातरी चुकीतून मऊ लोकर आली आणि माणसांनी ती राखली. काही चुकांवर आपण जगतो, काही आपल्याला मारतात, बऱ्याचशा गुपचूप बसून राहतात.

"गुपचूप म्हणजे किती वर्षं?" वहीवालीनं विचारलं.

"पिढ्यान् पिढ्या. एकाच आज्याची नातवंडं एकत्र येईपर्यंत."

डॉक्टरीण मेंढ्यांबद्दल बोलत होती. पण आत्यानं हातातलं पातेलं तिथंच खाली ठेवलं आणि ती कुणाकडं न बघता घरात निघून गेली. वहीवालीचा हात आपोआप पोटावर गेला. आत्या आणि वहीवालीचे वडील हे सख्खे बहीणभाऊ. म्हणजे नवराबायको दोघांचा आजा एकच.

त्या रात्री काय झालं मला माहीत नाही. सकाळी वहीवाली माझ्याकडं आली तेव्हा तिचा चेहरा सुजलेला होता. आत्यानं तिला सांगितलं होतं. आत्याला आणि तिच्या भावाला एक धाकटा भाऊ होता. गोरापान, हसरा. पण त्याची मान कधी धरली नाही. पाय हलवायचा नाही. दीड वर्षाचा होऊन गेला. घरात त्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, आणि आत्यानं भाची सून म्हणून आणली तेव्हा तो तिच्या ध्यानातही आला नाही. आता डॉक्टरणीचं बोलणं ऐकून पन्नास वर्षांपूर्वीचं ते पोर तिच्या मांडीवर येऊन बसलं होतं.

शहरातल्या दवाखान्यात रक्त तपासतात असं डॉक्टरणीनं सांगितलं. दोघं नवराबायको गेले, रक्त दिलं. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं की आत्याच्या त्या भावाला जो आजार असावा त्याची तपासणी होते. दोघांतही चूक निघाली तर चारात एक मूल तसं होऊ शकतं. कागद यायला पाच आठवडे लागतील.

ते पाच आठवडे मी कधी विसरणार नाही. आत्या जेवायची नाही. वहीवाली पोटातलं बाळ हललं की मोजायची, आणि हललं नाही की माझ्याकडं पळत यायची. मी हात ठेवून सांगायची, हलतंय गं. पण कोकरंही पोटात हलत होतीच, हे मला माहीत होतं आणि तिलाही.

त्यातच वहीवालीच्या नवऱ्याच्या मनात आलं की पहिलवानाला लांबच्या व्यापाऱ्याला देऊन टाकावं. गावाला काही सांगायचं नाही, पुढच्या वर्षी मेंढा नसला की आपोआप सगळं थांबेल. वाईट माणूस नाही तो, भ्यालेला होता. वाडा पेटवतील, म्हणत होता. वहीवालीनं एवढंच विचारलं, की तिकडं ज्यांच्या मेंढ्या आहेत त्यांना कोण सांगणार. आणि गावात पहिलवानाचे मुलगे ठेवलेत लोकांनी, त्यांचं काय. तो उठून बाहेर गेला, आणि संध्याकाळी परत येऊन म्हणाला, तू बोलणार असशील तर मी शेजारी उभा राहीन.

लोकर साठवायच्या शेडमध्ये गाव जमलं. बाहेर बारीक बर्फाळ पाऊस लागलेला, पत्र्यावर सारखी टरटर. सातव्या महिन्याचं पोट घेऊन ती लोकरीच्या गठ्ठ्यांपुढं उभी राहिली.

"मावशींच्या हातात दोष नाही," ती म्हणाली. "आमच्या पहिलवानात आहे. मेंढा आमचा, म्हणून मी सांगते. त्याच्या मुलींना तो किंवा त्याचे मुलगे दाखवू नका. वही इथं ठेवलीय, प्रत्येकानं आपली मेंढी बघून घ्या."

मग कातरणीवाल्यानं विचारलं की त्याच्या वाड्यातल्या निम्म्या मेंढ्या पहिलवानाच्याच आहेत, त्या आता मारायच्या का. डॉक्टरणीनं समजावलं होतं तसं वहीवालीनं सांगितलं. मारायचं काही नाही, बाहेरचा मेंढा आणायचा, वाकडं कोकरू होणार नाही. चूक अंगात राहील, पण एकटी राहील. कुणी ओरडलं, कुणी तिच्या नवऱ्याला शिव्या दिल्या. दोन घरांनी पुढं वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. एका सकाळी त्यांच्या दारात मेलेलं कोकरू आणून टाकलेलं होतं. ते मीच उचलून पुरलं, तिनं बघायच्या आत.

पहिलवानाला नवऱ्यानं स्वतः खाटकाकडं नेलं. दोरी लावावी लागली नाही, तो मागून चालत गेला. परत येताना नवरा ओढ्यावर इतका वेळ बसून राहिला की आत्या त्याला हाक मारायला गेली.

आणि कातरणीवाला माझ्या दारात आला. मेंढी अडलीय म्हणाला. मी गेले. कोकरू सरळ निघालं.

कागद सहाव्या आठवड्यात आला. वहीवालीनं तो आमच्यासमोर वाचला, दोनदा वाचला. नवऱ्याच्या रक्तात काही सापडलं नव्हतं. तिच्या रक्तात ती चूक होती. एकच प्रत.

"म्हणजे पहिलवान मीच," ती म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. आत्यानं तिला जवळ ओढलं. भावाकडून आली ती चूक, माझ्याकडूनही येऊ शकली असती, असं काहीबाही पुटपुटत राहिली.

बाळाला भीती नाही असं कागद म्हणत होता. पण खाली बारीक अक्षरांत हेही होतं की शंभरातल्या पाचांची चूक या तपासणीला सापडत नाही. बाकीच्यांनी ती ओळ सोडून दिली. आत्यानं आणि वहीवालीनं नाही सोडली. मीही नाही.

मुलगी झाली. दवाखान्यात झाली, मी बाहेर बसले होते. हातापायांनी चांगली, आवाज खणखणीत. सगळ्यांनी तोंड गोड केलं. पण आम्हा तिघींना ठाऊक होतं की आत्याचा भाऊही जन्मला तेव्हा असाच चांगला होता. पहिला महिना गेला, दुसरा गेला. मुलीला उचलताना वहीवाली मानेखालचा हात काढायचीच नाही. आत्या रोज विचारायची, आज पाय मारले का. मी रोज काहीतरी निमित्त काढून त्यांच्याकडं जायची आणि निमित्त काय होतं ते तिथं पोचेपर्यंत विसरायची.

चौथा महिना लागला होता. ऊन चांगलं तापलेलं, माती वाळून तिला भेगा पडायला लागलेल्या. अंगणात घोंगडी टाकून वहीवालीनं मुलीला पालथं निजवलं आणि ती बादली घ्यायला वळली. आत्या धान्य पाखडत होती. मी लोकर पिंजत होते. मुलगी नाक घोंगडीत खुपसून कुरकुरत होती. मग कुरकुर थांबली.

मी बघितलं, तर तिनं डोकं वर काढलेलं. डुगडुगत होतं, एका अंगाला कलत होतं, पण वर होतं. लाळ गळत होती आणि ती समोरच्या कोंबडीकडं रागानं बघत होती. बादली वहीवालीच्या हातातच राहिली. आत्याच्या हातातलं सूप थांबलं. बोललो तर ते डोकं खाली जाईल असं वाटत होतं. कोंबडी चालत चालत गोठ्याकडं गेली, आणि मुलीनं मान वळवून तिला नजरेआड होईपर्यंत बघितलं.

मग दमली आणि धपकन तोंडावर पडली, आणि अशी रडायला लागली की तिचा बाप रानातून पळत आला. आम्ही तिघी मात्र जागच्या हललो नाही.