लेखी खात्री

गेटवरची माणसं तिला पाठीमागे 'कुलूपबाई' म्हणायची. बंदराच्या सुरक्षेची प्रमुख ती. याहून चांगलं नाव कोणतं मिळणार, म्हणून मनातून ती खूशच असायची.

मागे आसपासच्या देशांतल्या बंदरांची बैठक झाली होती. एखाद्या बंदरातल्या पहाऱ्याबद्दल शंका आली, तर तिथून आलेल्या जहाजावरून कोणी उतरायचं नाही, जवळ कोणी जायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. बंदी उठवायची कशी, यावर मात्र घोडं अडलं. समुद्रापलीकडच्या बंदराचा अधिकारी, एक गोलमटोल हसरा गृहस्थ, म्हणाला, "आपण एकमेकांना ओळखतो. फोनवर शब्द दिला की पुरे."

तिने ते हाणून पाडलं. "शब्दाचं काय, वाऱ्यावर जातो. वरिष्ठांच्या सहीची लेखी खात्री हवी." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या गृहस्थानेही हसत सही केली.

आणि एका सकाळी त्याच पलीकडच्या बंदरातून एक जहाज येऊन धक्क्याला लागलं. त्यावर तिचा नवरा इंजिनीअर होता. वर्षभर घरी आला नव्हता. तिकडे कुंपण तोडून कोणी आत शिरल्याची खबर आदल्याच दिवशी आली होती, म्हणून जहाजावर बंदी लागली होती. क्रेनने लांबूनच माल उतरवून जहाज संध्याकाळी निघणार होतं.

सासरे इस्त्रीचा सदरा घालून गेटवर येऊन बसले. जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर तांडेल म्हणून जन्म काढलेला माणूस. याच गेटातून ते कधी कोणाला न विचारता ये-जा करत. आता डोळे चालले होते. आहे ती नजरही फार दिवसांची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. फोनवरच्या चित्रात तर त्यांना नुसते डाग दिसत.

"बाबा, तुम्ही घरी जा," ती म्हणाली.

"बसतो गं. मला जहाजावर नाही चढायचं. तो शिडीपाशी येईल, मी खाली उभा राहीन. जवळून तेवढा दिसला की झालं."

"धक्क्यावरही कोणाला सोडता येत नाही. तुम्हाला सोडलं तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू?"

"तेही खरंच," सासरे म्हणाले. त्यांनी वाद घातला असता तर तिला सोपं गेलं असतं.

दुपारी तिने पलीकडे फोन लावला.

"भुरटे चोर होते," गृहस्थ म्हणाला. "भंगार न्यायला आले होते, पकडले. जहाजाच्या बाजूला फिरकलेसुद्धा नाहीत. माझा शब्द आहे."

"आणि कागद?"

"साहेब दौऱ्यावर आहेत. सही उद्याच होईल." आता हा टोमणा मारणार, म्हणून ती थांबली. त्याने फक्त विचारलं, "घरचं कोणी आहे का जहाजावर?"

"नाही," ती म्हणाली. आपण खोटं का बोललो, हे तिचं तिलाही कळलं नाही.

संध्याकाळी जहाज सुटलं. नवरा कठड्याशी उभा राहून कुंपणाबाहेरची गर्दी न्याहाळत होता. त्या गर्दीत सासरे हात हलवत होते, पण शेजारच्या क्रेनकडे बघून. तिने पाहिलं, आणि त्यांना सांगितलं नाही.

खात्रीचा कागद दुसऱ्या दिवशी आला. अगदी नियमानुसार होता.

पुढच्या बैठकीत तिनेच दुरुस्ती सुचवली: घरच्यांना धक्क्यावर भेटू द्यायला दोन अधिकाऱ्यांचा फोनवरचा शब्द पुरे. त्या गृहस्थाने लगेच अनुमोदन दिलं. कोणी हरकत घेतली नाही. मागच्या वेळी तुम्हीच का अडवलंत, असंही कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला परतताना सारखं वाटत राहिलं.

नवरा सुट्टीवर आला तोवर सासऱ्यांपुढे अंधार झाला होता.

"केस पिकले का रे तुझे?" त्यांनी विचारलं.

"थोडे. कानापाशी."

"तुझ्या आईचेही तिथूनच पिकले होते."

स्वयंपाकघरात नवरा पाणी प्यायला आला, तेव्हा ती म्हणाली, "त्या दिवशी सोडायला हवं होतं मी त्यांना."

"नियम होता ना."

"माझाच होता."

त्याने ग्लास विसळून पालथा घातला आणि वडिलांजवळ जाऊन बसला.