‘ह’ची पुडी

“आवं, पुडीवर पुरतं नाव लिवा की. निस्तं एकच अक्षर काय लिवलंय?” सगुणाबाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या.

“ह म्हणजे हरताळ, पिवळा रंग. चिताऱ्याला तेवढं बस्स आहे.”

“अन् हळदीला काय म्हनावं? घरात लेकरं हायेत. इख हाय ते, इख!”

बन्सीधर हसले. मीही मनातल्या मनात हसले. राजवाड्यांत हिंडणाऱ्या माझ्यासारखीचा चुलीशी काय संबंध, असं मला वाटलं.

मित्रांनो, मी एक जुनी रंगपेटी आहे. मानवतच्या सुताराने मला शिसवी लाकडातून घडवलं. सात खण, पितळी कडी आणि झाकणाच्या आत रंग कालवायची फळी. माझे धनी बन्सीधर तसबिरी काढायचे. इंग्रजांचा अंमल होता तो. आम्ही बैलगाडीने, आगगाडीने एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जायचो.

तुम्हाला वाटेल, काय तो थाट! थाट कसला, नुसती वाट पाहणं. एका संस्थानात आम्ही दोन महिने देवडीवर बसून काढले. आज सरकार शिकारीला गेले, उद्या सरकारांना पडसं झालं. राणीसाहेब तर पडद्याआड. त्यांचं नाक कसं आहे, हे धन्यांना दासीला विचारावं लागलं.

“माझ्यावानीच हाय, पर राजघराण्यातलं,” ती म्हणाली.

असलं नाक कसं काढायचं, तुम्हीच सांगा.

अखेर राजेसाहेब समोर बसले. चेहरा हुबेहूब उतरला. दिवाणजींनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “चेहऱ्याचं असू द्या हो. फेट्याची जर दिसेना. आणखी पिवळं करा.” धन्यांनी हरताळ मागवला, खलात घोटला आणि जरीवर जर चढवली. चेहऱ्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पुढच्या दरबारात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. तेवीस वर्षं आम्ही माणसं रंगवायला गेलो आणि फेटे रंगवून परत आलो.

शेवटच्या फेरीत उरलेला हरताळ कागदात बांधून, वर ते एक अक्षर लिहून, धन्यांनी माझ्या कोपऱ्यातल्या खणात ठेवला. संस्थानं गेली. धनी गेले, सगुणाबाईही गेल्या. मला माळ्यावर टाकलं. कुंचल्यांचे केस उंदरांनी नेले, तरी कोणी विचारलं नाही.

यंदा, एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, धन्यांच्या नातसुनेने मला खाली काढलं. केशरबाई कॉलेजात शिकलेल्या. कडेवर दीड वर्षाची मुलगी. “मसाल्याला किती छान आहे ही!” म्हणत त्यांनी मला घासलं, ऊन दाखवलं. जिरं, मोहरी, तिखट. मला राग आला. पण खरं सांगते, इतक्या वर्षांनी कोणी हात लावला, याचं बरंही वाटलं. पुडी त्यांना सापडली. “ह... हळद,” त्यांनी वाचलं आणि वास घेतला. वास येईना, म्हणून त्यांनी ती वापरली नाही. नुसती उंच फळीवर ठेवून दिली.

आज दुपारी त्यांच्या थोरल्या नणंद चतुराबाई पिंगळीहून आल्या. त्यांची सून बाळंत झालेली, बाळ दहा दिवसांचं.

“केशर, हळद असली तर दे गं जराशी. लेकराच्या अंगाला लावायची हाय अन् बाळंतिणीला रातच्या दुधात द्यायची हाय.”

“डब्यातली संपलीये, वन्सं. एक पुडी आहे, पण ती आजेसासूबाईंच्या वेळची. वास गेलाय तिचा.”

“माज्या आजीच्या हातची? मंग तर लयच चांगली! आत्ताच्या हळदीत काय ऱ्हायलंय, निस्ता भुसा. दाव तरी, रंग कसा हाय!”

केशरबाईंनी फळीवरची पुडी काढून उजेडात उघडली आणि पूड चकाकली. हळद कधी चकाकते का? एवढीशी हळद हाताला इतकी जड लागते का? मी कडी वाजवली असती, पण कडी वाजवायलाही हात लागतो. केशरबाईंनी चिमूटभर पूड बोटावर घेतली, डोळ्यांजवळ नेली.

“वन्सं, थांबा जरा...”

तेवढ्यात मुलीने माझ्या मोहरीच्या खणात मूठ घातली. “अगं, तोंडात नको!” म्हणत केशरबाई तिच्याकडे धावल्या. चतुराबाईंनी पुडी पदराच्या टोकाला बांधली. “गाडी चुकंल, येते मी,” म्हणून त्या गेल्यासुद्धा.

मित्रांनो, हरताळात सोमल असतो, जहाल विष. जुनी वस्तू वापरण्याआधी ती काय आहे ते विचारा, एवढं सांगून मी थांबायला हवं. पण आज मला उपदेश सुचत नाही. या घरात माझं कोणाला ऐकू येत नाही, तुम्हाला येतंय. तुमच्यापैकी कोणाचं पिंगळीला घर असेल, मामाचं गाव असेल, तर आत्ता उठा. स्टेशनवर उतरून चतुराबाईंचं घर विचारा. बाळाचं अंग पाहा. आणि आतल्या खोलीत जाऊन त्या बाळंतिणीला विचारा, बाई, आजचं दूध अजून प्यायली नाहीस ना?