जपून ठेवलेला घसा

सोपानरावांनी फोनवर एका बोटाने अक्षरं दाबली, पुसली, पुन्हा दाबली आणि मान वर करून मुलाकडे पाहिलं. रविराजने पंखा बंद केला.

"आता खालचा बाण दाबा, तात्या."

बाण दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग टेबलावरचा रविराजचा फोन दणक्यात ओरडला, "चहा ठेवा!"

शब्द दोनच, पण ते चाकणच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारावा तसे निघाले होते. पहिला लांबवत वर चढवलेला, दुसरा आपटलेला. रविराजची बायको उत्कर्षा हसू आवरायला म्हणून खिडकीकडे वळली, पण तिचे खांदे हलताना सगळ्यांना दिसलेच.

"ह्योच," साहेबराव म्हणाले. "ह्योच आवाज, सोपानराव. अक्षी ह्योच." बाजारात ज्यांच्या गाळ्यावर सोपानरावांनी उभा जन्म लिलाव पुकारला ते हे अडतदार. एरवी कांद्याचा ढीग सडला तरी डोळ्यांत पाणी न येणारा माणूस. पण आत्ता त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, आणि तो पुसायला बराच वेळ लावला.

सोपानरावही हसले. त्यांचं हसू आता फक्त दिसायचं. गळ्यावर बांधलेल्या पांढऱ्या रुमालाखालून हवा फुसफुसली, तेवढंच. गेल्या पावसाळ्यात घशातली गाठ काढताना त्यांची आवाजाची पेटीही काढावी लागली. पेटी गेली, माणूस वाचला. तेव्हापासून ते गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेत आणि काही सांगायचं असलं तर फोनवर लिहून दाखवत.

जयमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. या रविवारची वाट तिने सगळ्यांहून जास्त पाहिली होती. सकाळी लवकर उठून स्वयंपाकही उरकून ठेवला होता. फोन ओरडला तसा तिने चौकटीवरचा हात काढला आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. नवऱ्याने चहा मागितला, बायको उठली, यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. कप मात्र तिने उत्कर्षाच्या हाती बाहेर पाठवले.

लिहिलेला निरोप लिहिणाऱ्याच्याच आवाजात पोहोचवायची ही नवी सोय रविराजला कंपनीतल्या मित्राने दाखवली होती. माणसाचं जुनं बोलणं यंत्राला ऐकवायचं, ते आवाज शिकतं. पुढे काहीही लिहा, समोरच्याला ते त्याच आवाजात ऐकू जातं. अट एकच होती. जुनं बोलणं हवं, आणि भरपूर हवं.

इथेच घोडं अडलं. रविराजने लग्नाची चित्रफीत काढली. तीत तात्या जागोजाग होते, पाहुण्यांना पुढे घालून जेवायला नेत होते, ओठही हलत होते, पण वरून बँड वाजत होता. घरातले सगळे जुने फोन पाहून झाले. मामेबहिणीकडच्या बारशाच्या चित्रणात तात्यांना कुणीतरी बाळाचं नाव आवडलं का म्हणून विचारत होतं, आणि तात्या म्हणत होते, "हं." घरातला त्यांचा आवाज म्हणून हाती लागला तो एवढा.

शोधता शोधता सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर कुणी ते बोलून दाखवलं नाही. तात्या घरात बोलतच नसत.

ज्याचं पोट घशावर त्याने घसा जपावा, हा त्या घरचा कायदा होता, आणि कायद्याची अंमलबजावणी जयमालाकडे होती. कुरुळीतली जमीन कंपनीला गेली, पैसा आला, पत्र्याच्या घराच्या जागी हा बंगला उभा राहिला, तरी सोपानरावांनी बाजार सोडला नाही. त्यांना तो आवडायचा. डब्याबरोबर लवंग, खडीसाखर आणि ज्येष्ठमधाची कांडी जायची. ते परतले की जयमाला पोरांना खुणेनेच गप्प करायची. "तात्यास्नी बोलाय लावू नका, उद्या बाजार हाय." रविराजने दहावीचा निकालही त्यांच्यासमोर नुसता धरला होता. तात्यांनी तो वाचला आणि पाठीवर हात ठेवला. त्या हाताची आठवण रविराजला अजून होती, आणि आजवर त्याला ती पुरेशी वाटत आली होती.

शेवटी साहेबराव मदतीला आले. लांबच्या शेतकऱ्यांना घरबसल्या भाव कळावा म्हणून त्यांच्या गाळ्यावरून दर बाजाराला लिलावाचा आवाज ध्वनिमुद्रित करून ग्रुपवर टाकत. ते कित्येक वर्षांचं सगळं त्यांच्याकडे जसंच्या तसं होतं. त्यांनी ते सढळ हाताने दिलं. यंत्र बाजारात शिकलं आणि बाजारासारखं बोलायला लागलं, यात त्या बिचाऱ्याचा काय दोष.

रविराज आपला रिकामा कप घेऊन आत गेला. जयमाला धुतलेलाच ओटा पुन्हा पुसत होती.

"आई, नाही आवडलं?"

"आवडायचं काय त्यात. आवाज त्यांचाच हाय की."

"मग?"

"बाजारातला हाय, रवी. समद्या चाकणनं ऐकलेला." तिने फडकं पिळलं आणि नळावर टाकलं. "मला वाटलं, घरातला येईल."

"घरात ते कधी बोलायचे?"

"बोलायचे. पहाटं निघताना वाकून म्हनायचे, येतो गं. तुमी निजलेले असायचा, म्हनून हळू. तेवढंच, पर रोज म्हनायचे. त्यो आवाज आता मला आठवंना झालाय. डोळे मिटून बसते. ओठ हललेले दिसत्यात, आवाज न्हाई येत."

रविराजने हातातला कप ओट्यावर ठेवला.

"घसा म्या जपला त्यांचा. तुमाला गप केलं, मी गप ऱ्हायले. कुनासाठी जपला, सांग बरं?"

उत्तराची वाट न बघता तिने कप धुऊन पालथा घातला. आईच्या इतक्या जवळ उभं राहून इतकं परकं त्याला कधी वाटलं नव्हतं. बाहेर सोपानराव बशीतला चहा फुंकताही येत नाही म्हणून निवायची वाट पाहत बसले होते. माणूस बोलेनासा झाला की लोक त्याला ऐकूही येत नाही असंच धरून चालतात, आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला तर दारही बसवलेलं नव्हतं.

रविराज बाहेर आला तो काहीतरी ठरवूनच. यंत्राला आवाज शांत करायची एक कळ होती. तेवढ्या निरोपापुरती ती लावून त्याने स्वतःच 'येतो गं' असं लिहिलं आणि बाण दाबला.

आवाज हळू आला. स्वच्छ, मऊ, कुठेही न अडखळणारा. बँकेत फोन लावल्यावर थोडा वेळ थांबा म्हणून सांगणारा कुणी भला माणूस असावा, तसा. दारात येऊन उभ्या राहिलेल्या जयमालाने नुसती मान हलवली आणि ती परत फिरली. साहेबरावांनी चहा संपवला.

सोपानरावांनी फोन ओढून घेतला, काहीतरी लिहिलं, आणि बाण न दाबता पडदा मुलासमोर धरला. 'हा कोण?'

"त्याला तुम्ही हळू बोललेलं कधी ऐकायलाच मिळालं नाही ना, तात्या," रविराज म्हणाला. "ते तरी कुठून आणणार?"

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, हे बोलायला नको होतं. पण सोपानरावांना राग आला नाही. ते त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले, आणि त्या बघण्यात तक्रार नव्हती, कबुली होती. दहावीच्या निकालाच्या दिवशी त्यांना काय म्हणायचं होतं हे आता विचारावं, असं रविराजच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

"काढून टाकतो हे सगळं," तो म्हणाला. "उगाच आईला त्रास."

सोपानरावांनी फोनवर पंजा ठेवला. नको.

साहेबराव जेवायला थांबले नाहीत. दुपारी रविराज आणि उत्कर्षा तिच्या माहेरी तळेगावला गेले. घर निवांत झालं. जयमाला मागच्या पायरीवर मेथीची जुडी सोडून बसली. दार तिने उघडंच ठेवलं होतं. सोपानरावांना ठसका लागला तर हाक मारता येत नाही, म्हणून आताशा ती असंच करायची. बाजूच्या रस्त्याने कंपनीची बस गेली आणि धूळ खाली बसायला वेळ लागला.

आत सोपानराव फोनवर वाकलेले तिला दिसत होते. लिहीत होते, पुसत होते. बाजारातल्या कुणाशी चाललं असेल, असं तिला वाटलं. आता आवाज मिळालाय म्हटल्यावर ग्रुपवर तो ऐकवल्याशिवाय थोडेच राहणार. मग तिचा फोन वाजला. पायरीवरच ठेवला होता. नवऱ्याचाच निरोप, आणि नवरा दहा पावलांवर. पाणी हवं असेल, औषध हवं असेल. तिने ओल्या बोटाने पडदा दाबला.

"जयमाला."

एवढंच होतं. पुढे काही नव्हतं.

तिच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. हे नाव त्यांनीच ठेवलेलं. माहेरी ती इंदू होती. लग्नाच्या दिवशी ताटात पसरलेल्या तांदळावर अंगठीने ते त्यांनी लिहिलं, बायकांनी वाचलं, आणि त्यानंतर सोपानरावांच्या तोंडून ते कधी आलं नाही. अगं, ऐकलं का, रवीची आई, यावर संसार झाला. तिचीही कधी तक्रार नव्हती. त्यांच्या पिढीत कोण बायकोला नावाने हाक मारत होतं.

आवाज बाजारातलाच होता. पण तो ओरडत नव्हता. लिलावात भाव ओरडतात, चढवतात. पण सौदा ठरून माल सुटला, की ज्याच्या नावावर सुटला त्याचं नाव पुकारणारा थांबून, भरल्या आवाजात, सावकाश घेतो. त्यानंतर त्या ढिगाकडे दुसरं कुणी हात करत नाही. जयमाला डबा द्यायला जायची तेव्हा तिने हे कितीदा ऐकलं होतं. साहेबरावांनी दिलेल्या त्या सगळ्या आवाजांत अशी नावंच नावं होती. यंत्राला हळू बोलणं साधलं नव्हतं, पण नाव कसं घ्यायचं हे ते चांगलं शिकलं होतं.

तिने पुन्हा दाबलं.

"जयमाला."

तिला रडू आलं, आणि ती तशीच बसून रडली. पहाटेचा तो आवाज काही परत आला नव्हता, येणारही नव्हता, हे तिला कळत होतं. आत सोपानराव पाठ ताठ करून, दाराकडे न बघता बसले होते. परीक्षेचा पेपर देऊन आलेल्या पोरासारखे.

कुंपणाच्या भिंतीपलीकडून शेजारच्या मंजुळाबाईंनी डोकं वर काढलं.

"जयमाला, कोन गं हाका मारतंय तुला मगापासनं?"

जयमालाने पदराने डोळे पुसले.

"आमचे हे," ती म्हणाली. "बोलावत्यात मला."

आणि मेथी तशीच पायरीवर टाकून ती आत गेली.